म्युनिकमध्ये लहान मुलांना घेऊन बिअरगार्डनला जावं का? (मुलगी ४ वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा)

साताऱ्याची_लेक (मंगळवार, दुपारी २:१०)

नमस्कार. जानेवारीत आम्ही म्युनिकला आलो. नवऱ्याची नोकरी इथे, मी सध्या घरी. येत्या शनिवारी दुपारी चारला नवऱ्याच्या ऑफिसमधल्या लोकांनी सहकुटुंब बोलावलंय आणि ठिकाण आहे हिर्शगार्टन नावाचं बिअरगार्डन, म्हणजे उघड्यावर बसून बिअर प्यायची बाग. निरोपात आवर्जून लिहिलंय की मुलांना नक्की आणा, त्यांना फार आवडेल. मला हे वाक्य पचतच नाहीये. जिथे सगळे मोठाले मग पुढ्यात घेऊन बसतात, तिथे चार वर्षांच्या मुलीला काय आवडणार?

थोडं घरचं सांगते, म्हणजे मी असं का विचारतेय ते कळेल. माझ्या थोरल्या चुलत्यांनी दारूपायी दोन एकर बागायत घालवली. तिन्हीसांजेला ओसरीवर त्यांच्या पायांचा आवाज आला की आजी आम्हा पोरांना माजघरात घ्यायची आणि आतून कडी लावायची. ती कडी आजही माझ्या कानात वाजते. नवरा वर्षातून तीन-चारदा बिअर घेतो, त्यावरून आमचे वाद नाहीत. पण मुलांसमोर नाही, हे मुलगी झाली तेव्हाच आम्ही ठरवलंय.

आता न जाणंही बरं दिसत नाही. नवरा म्हणतो, ‘तुला नको असेल तर मी एकटा जाऊन तासाभरात येतो.’ पण मलाही इथे कुणी ओळखीचं नाही आणि चार महिने घरात बसून जीव कंटाळलाय. ज्यांची मुलं इथे वाढली त्यांनी खरं खरं सांगा. वातावरण कसं असतं? प्यायलेली माणसं दंगा करतात का? मुलांना खायला-प्यायला काय मिळतं? दीड वर्षाचं पोर नुकतंच पळायला लागलंय, त्याला तिथे सांभाळता येईल का? आणि जूनमध्ये सासू-सासरे येतायत. सासूबाई माळकरी आहेत. त्यांना असल्या ठिकाणी न्यायचा विचार तरी करावा का?

गार्शिंगचा_पाहुणा (मंगळवार, सायंकाळी ६:४५)

ताई, जा. मुलांसाठी हिर्शगार्टन सगळ्यात सोयीचं. त्याच नावाचं एस-बानचं, म्हणजे इथल्या लोकलचं, स्टेशन आहे, तिथून थोडं चालायचं. सहा वर्षांखालच्या मुलांना म्युनिकच्या बस-ट्रेनला तिकीट पडत नाही. गाडी नेऊच नका, म्हणजे कोणी किती घेतली आणि कोण चालवणार हा प्रश्न येत नाही.

आत गेल्यावर टेबलावर कापड घातलेलं दिसलं तर तिथे वेटर येतो. त्या भागात आपला डबा उघडायचा नाही. नुसती लाकडी टेबलं असतील तिथे आपण उठून आणायचं आणि तिथे घरचं जेवण खुशाल खायचं. पेय मात्र तिथलंच घ्यायचं. जागा रिकामी दिसली तरी आधी ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’ असं विचारा. इथे एका टेबलावर दोन-तीन कुटुंबं बसतात. ‘श्टामटिश’ अशी पाटी असलेलं टेबल नेहमीच्या मंडळींचं असतं, ते सोडून बसा.

इझारकाठ (मंगळवार, रात्री १०:२०)

ताई, तुमच्या आजीची कडी वाचली आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. मी सांगलीची. तेरा वर्षं म्युनिकमध्ये आहे, मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सात वर्षांची. मी पीत नाही, नवरा एक मग घेतो.

मुलगा आठ महिन्यांचा असताना आम्ही पहिल्यांदा आर्नुल्फश्ट्रासवरच्या ऑगस्टिनर केलर या बिअरगार्डनला गेलो. बाबागाडीचा दांडा घट्ट धरून मी आत शिरले. थोड्या वेळाने आमच्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सत्तरीच्या एक आजी येऊन बसल्या. त्यांनी पिशवीतून निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं कापड काढून अंथरलं. मग लाकडी फळी, सुरी, पाव, चीज, आणि शेवटी हाताएवढा लांब पांढरा मुळा. त्यांनी मुळ्याच्या पातळ चकत्या केल्या, मीठ लावलं आणि पाणी सुटेपर्यंत तशाच राहू दिल्या. इथे म्हणतात, मुळा रडला पाहिजे. मी बघतच राहिले. मुळ्याची कोशिंबीर करताना माझी आजी नेमकं हेच करायची. त्यांच्यासोबत लेक, जावई, तीन नातवंडं होती. जावयांपुढे बिअर होती, आजींपुढेही होती, पण सगळ्यांचे हात जात होते ते मुळ्याकडे आणि पावाकडे. निघताना त्यांनी माझ्या मुलाच्या हातात पावाचा कडक तुकडा दिला, दात येतायत ना म्हणून. त्या दिवसापासून माझ्या मनात ती जागा झाडाखालच्या जेवणाची आहे. आपण कार्तिकात आवळीभोजनाला बसतो, तशी.

घरचा डबा चालतो याची गोष्ट मी माझ्या सासूबाईंना सांगितली होती, तुम्हीही तुमच्या सासूबाईंना सांगा, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पूर्वी बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, उन्हाळ्यात बिअर करायला बंदी होती. १५३९ च्या नियमाप्रमाणे २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढेच दिवस परवानगी, कारण गरमीत बिअर नासायची आणि भट्ट्यांमुळे आगी लागायच्या. मग उन्हाळ्याची बेगमी म्हणून मार्चमध्ये जरा कडक बिअर करून ती जमिनीखालच्या तळघरात बर्फ घालून ठेवायचे. आमच्या सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत, माल जमिनीच्या पोटात सुरक्षित ठेवायचा. विचार तोच. तळघर तापू नये म्हणून वर खडी पसरली आणि चेस्टनटची झाडं लावली. त्यांची पानं रुंद, सावली दाट, आणि मुळं वरवर पसरत असल्याने खालच्या कमानींना धक्का नाही. लोक तिथेच सावलीत बसून प्यायला लागले. शहरातल्या खानावळवाल्यांचा धंदा बसला, त्यांनी राजाकडे तक्रार नेली. ४ जानेवारी १८१२ ला राजा माक्सिमिलियान योझेफने तोडगा काढला: तळघरवाल्यांनी बिअर आणि पाव विकावा, दुसरं जेवण विकू नये. झालं, लोक घरून बांधून आणायला लागले.

आज तिथे जेवण मिळतं, पण डब्याचा हक्क कायम आहे. १९९९ च्या बव्हेरियाच्या बिअरगार्डन नियमावलीत बिअरगार्डनची ओळखच दोन गोष्टींनी सांगितली आहे. एक, ती बाग वाटली पाहिजे. दोन, घरचं खाणं आणू दिलं पाहिजे. ही नियमावलीसुद्धा लोकांनी भांडून मिळवली. एका बागेवर रात्री साडेनऊला बंद करायची वेळ आली तेव्हा १२ मे १९९५ ला म्युनिकमध्ये हजारो माणसं रस्त्यावर उतरली. मला या लोकांची ही गोष्ट मनापासून आवडते, की झाडाखाली बसून जेवण्यासाठी त्यांनी मोर्चा काढला.

आता शनिवारचं. हिर्शगार्टनमध्ये सुमारे आठ हजार माणसं बसतात. आकड्याला घाबरू नका, जागा मोठी आहे. कुंपणापलीकडे हरणं आहेत, आपल्या चितळासारखी ठिपक्यांची. तुमच्या मुलीला तिथून हलवणं अवघड जाईल. बाजूच्या उद्यानात खेळायला भरपूर जागा आहे. बिअरचा मग आपणच फळीवरून उचलून विसळून घ्यायचा असतो. माझ्या मुलीला हे काम फार आवडायचं, मी खालून हात धरायचे. हे मग जड काचेचे असतात आणि खाली खडी असते, तेव्हा धाकट्याला अनवाणी सोडू नका. खडीत काचेचा कण असू शकतो.

मुलांना आप्फेलशोर्ले द्या, म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा. श्पेझी नावाचं पेय मुलं मागतील. ते कोला आणि संत्र्याचं असतं, त्यात कॅफीन आहे, चार वर्षांच्या मुलीला मी देणार नाही. ‘आल्कोहोलफ्राय’ लिहिलेल्या बिअरमध्येही जर्मनीत अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं, तेव्हा ती मुलांना चाखायला द्यायची नाही. हे लिहिते कारण आमच्या ओळखीच्या घरात तसं झालं होतं. आणि टेबलावर कुणी प्रेमाने म्हणेल की बोटाला फेस लावून चाटू दे पोराला. ‘नाइन, डांके’ म्हणा आणि हसा. इथे नकाराचा कुणी राग धरत नाही.

एक मात्र जीव तोडून सांगते. मुलगी साडेतीन वर्षांची असताना इंग्लिश गार्डन या मोठ्या उद्यानातल्या चिनी मनोऱ्यापाशी, तिथेही बिअरगार्डन आहे, ती माझ्या नजरेआड झाली. रविवार होता, मनोऱ्यावर बँड वाजत होता, मी डब्याचं झाकण लावायला खाली वाकले आणि ती नाही. सगळी टेबलं सारखी, सगळी झाडं सारखी, आणि तेवढ्या उंचीच्या मुलाला चहूकडे फक्त पाय दिसत असणार. दहा मिनिटं गेली. ती लाकडी घोड्यांच्या जुन्या चक्रापाशी उभी होती, १९१३ सालचं ते चक्र अजून फिरतं. तिच्यापासून दोन पावलांवर एक आजोबा नुसते उभे होते, तिला न घाबरवता, कोणी येईपर्यंत थांबलेले. मला बघताच त्यांनी टोपी काढली आणि निघून गेले. मी त्यांना धड धन्यवादही म्हणू शकले नाही.

तेव्हापासून आमच्या घरचा नियम असा. निघतानाच मुलांच्या दंडावर पेनने फोन नंबर. कपडे लाल किंवा पिवळे. टेबल खेळाच्या जागेकडे तोंड असलेलं आणि कडेचं, मग ऊन लागलं तरी चालेल. आणि अर्ध्या अर्ध्या तासाने मुलांवर लक्ष ठेवायची पाळी. ज्याच्या पुढ्यात मग आहे त्याची पाळी त्या वेळी नसते. नवरा बिअरचा मग घेतो तो पहिल्या अर्ध्या तासात, अर्ध्या लिटरचा मिळाला तर तोच. कारण इथला ‘मास’ म्हणजे पूर्ण लिटर. पाच टक्क्यांची एक लिटर बिअर म्हणजे पोटात सुमारे ४० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. हे गणित मी त्याला एकदा कागदावर मांडून दाखवलं आणि तेव्हापासून तो अर्धाच मागतो.

आणि सात वाजता उठायचं. हा नियम मोडायचा नाही. चार ते सहा तिथे आजी-आजोबा, बाबागाड्या आणि पत्ते खेळणारी माणसं असतात. सातनंतर मोठे गट येतात, आवाज चढतो, कुणी बाकावर उभं राहतं. तुम्हाला त्रास देणार नाहीत, पण तुमच्या मुलीने ते बघावं असं मला वाटत नाही. शिवाय बव्हेरियात २०१० पासून बंद जागेत सिगारेटला कडक बंदी आहे, मात्र उघड्या बागेत ओढतात. शेजारी कुणी पेटवली तर सरळ जागा बदला.

कर्वेनगर_काकू (बुधवार, सकाळी ९:०५)

मी पुण्यात आहे, म्युनिकचं मला माहीत नाही. पण कडीचं मला माहीत आहे. आमच्याकडे वडील होते.

वरच्या ताईंनी फार छान लिहिलंय आणि त्यांचं सगळं खरं असेल. मला एवढंच सांगायचंय की साताऱ्याच्या लेकीने स्वतःवर जबरदस्ती करू नये. पुण्यात २००९ ला दूलाली सुरू झालं तेव्हापासून इथेही मायक्रोब्रुअरीला, म्हणजे जागेवरच बिअर करून देतात तिथे, जायची पद्धत पडली आहे आणि रविवारी दुपारी तिथे लहान मुलं असतात. भाच्याच्या वाढदिवसाला मीही गेले होते एका ठिकाणी. पोरांना एका कोपऱ्यात मोबाइल देऊन बसवलं होतं, गाण्यांचा आवाज एवढा की बोलणं ऐकू येईना, आणि मला त्या आंबूस वासाने घरी येईपर्यंत मळमळत होतं. जागा स्वच्छ होती, माणसं सभ्य होती, कुणी काही वावगं केलं नाही. तरीही झालं. शरीर विसरत नाही.

महाराष्ट्रात बिअरला २१ वर्षं पूर्ण लागतात. जर्मनीत १६ व्या वर्षी विकत मिळते आणि आई-वडील सोबत असतील तर १४ व्या वर्षीही चालते असं ऐकून माझ्या छातीत धस्स झालं. तुमची मुलगी तिथे वाढली तर दहा वर्षांत हा प्रश्न घरात येणार आहे. तेव्हा गेलीस तरी आणि नाही गेलीस तरी मुलीशी बोल. आमच्याशी कुणी बोललं नाही. आम्हाला फक्त आत घेतलं आणि कडी लावली.

इझारकाठ (बुधवार, दुपारी १:३०)

काकू, तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्ही म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. साताऱ्याच्या ताई, पोटात गोळा आला तर पंधरा मिनिटांत उठून या. हरणं बाहेरच्या रस्त्यावरूनही दिसतात, मुलांना तिथे न्या आणि नवऱ्याला बसू द्या.

१४ वर्षांचं काकूंनी ऐकलं ते बरोबर आहे. माझा मुलगा अकराचा आहे आणि आमच्या घरात हे बोलणं सुरू झालंय. त्याने विचारलं, ‘आई, कायद्याने चालतं मग तू का नाही म्हणतेस?’ मी त्याला सांगितलं की कायदा सांगतो काय केलं तर शिक्षा नाही. तुझा मेंदू अजून वाढतोय, एवढं मला कळतं, आणि १८ च्या आधी आपल्या घरात नाही. तो हो म्हणाला. पुढे काय होईल ते होईल, पण त्याला प्रश्न विचारावासा वाटला हे मला मोठं वाटतं.

एर्लांगनचा_बाबा (बुधवार, रात्री ८:५०)

थोडं आमच्या बाजूचं. आम्ही फ्रँकोनियात, म्हणजे बव्हेरियाच्या उत्तर भागात, एर्लांगनला. म्युनिकच्या मोठ्या बागांपेक्षा मला इथली खेड्यांतली छोटी ठिकाणं लहान मुलांसाठी जास्त आवडतात, कारण इथे गर्दी कमी आणि बिअर कुठून येते हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. गावोगावी एखादं कुटुंब चार पिढ्या बिअर करतंय, सोबत थोडी शेती, अंगणात कोंबड्या. इथले लोक ‘केलरमध्ये’ जाऊ म्हणत नाहीत, ‘केलरवर’ जाऊ म्हणतात, कारण तळघर खाली आणि माणसं त्याच्या डोक्यावर, झाडाखाली.

ग्रेफेनबर्गच्या आसपास पाच ब्रुअऱ्यांना जोडणारी एक पायवाट आहे, फ्युन्फ-झाइडला-श्टाइग. झाइडला म्हणजे अर्ध्या लिटरचा मग. न्युरेंबर्गहून छोटी रेल्वे जाते. वाट सगळी मिळून दहा किलोमीटरच्या आसपास, आम्ही मुलांबरोबर एकच टप्पा करतो. रानातून जायचं, चेरीची झाडं बघायची, भूक लागेपर्यंत चालायचं. बाबागाडी मात्र नको, पाठीवरची झोळी घ्या.

एका ठिकाणी मालकांनी माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या ओंजळीत मूठभर मॉल्ट घातलं आणि चावून बघ म्हणाले. तो म्हणाला, ‘बाबा, हे तर आजीच्या सत्त्वासारखं लागतं!’ अगदी बरोबर ओळखलं त्याने. आपण नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करतो. हे लोक बार्लीला तसेच मोड आणतात आणि भट्टीत वाळवतात. बांबेर्गला तर बीच लाकडाच्या धुरावर वाळवतात, म्हणून तिथल्या राउखबिअरला धुरकट वास असतो. घरी येताना वाटभर मी त्याला सांगत होतो की धान्यात साखर कशी तयार होते आणि यीस्ट ती कशी खातं. माझी रसायनशास्त्राची पदवी इतक्या वर्षांत अशी कधी उपयोगी पडली नव्हती. मला वाटतं मुलाला ही गोष्ट कारागिरी म्हणून दाखवता येते, पावासारखी, चीजसारखी, गूळ करण्यासारखी. गुऱ्हाळावर आपण मुलांना नेतोच ना. आणि त्याच वेळी हेही सांगता येतं की हे मोठ्यांपुरतं आहे आणि मोठ्यांनीही बेताने घ्यायचं आहे.

पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाच्या वेळी एर्लांगनला बेर्गकिर्खवाय ही जत्रा असते, १७५५ पासूनची, बारा दिवस चालते. दिवसा आकाशपाळणे, भाजलेले बदाम, मुलांची धमाल. संध्याकाळी विद्यार्थ्यांची एवढी रेटारेटी होते की मोठ्यांनाही चालता येत नाही. मुलं असतील तर दुपारी येऊन पाचच्या आत परत.

साताऱ्याची_लेक (बुधवार, रात्री १०:३०)

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचं लिहिणं वाचून रडू आलं, आणि बरंही वाटलं. नवऱ्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, शनिवारी मी आप्फेलशोर्लेच घेईन. मी त्याला म्हटलं, ते तू ठरव, माझ्यासाठी नको.

जायचं ठरलंय. इझारकाठ ताई, डब्यात काय न्यावं? आणि सासूबाईंचं राहिलंच.

इझारकाठ (गुरुवार, सकाळी ७:४०)

थालीपिठं न्या. गार झाली तरी चांगली लागतात, हाताने खाता येतात. सोबत घट्ट दही, शेंगदाण्याची चटणी. तिखटमिठाच्या पुऱ्या मुलांसाठी. जास्तीच्या करा, कारण टेबलावरचे सगळे चाखणार. दडपे पोहे नका नेऊ, मऊ पडतात.

सासूबाईंना न्या, पण हिर्शगार्टनला नको. कोंबडी आणि काडीवर भाजलेले मासे यांचा वास तिथे दूरवर येतो आणि माळकरी माणसाला तो सोसणार नाही. इझारच्या काठी फ्लाउखरला न्या. बिअरगार्डन तिथेही आहे, पण पलीकडे नदीचं खडकाळ पात्र आहे. त्यांना पाण्याशेजारी चटई टाकून द्या. माझ्या सासूबाई तिथे दोन तास पाण्यात पाय सोडून हरिपाठ म्हणत बसल्या होत्या. निघताना म्हणाल्या, कृष्णेचा घाट आठवला. पाणी आल्प्समधून येतं, उन्हाळ्यातही गार असतं आणि ओढ असते, धाकट्याला कडेवरच ठेवा.

शाकाहाराचं एक नीट बघा. ब्रेझन, म्हणजे इथला गाठ मारलेला खारा पाव, त्याच्या कणकेत काही बेकऱ्या डुकराची चरबी घालतात, ‘ओने श्माल्त्स?’ (चरबीशिवाय?) असं विचारून घ्या. बव्हेरियन बटाट्याच्या सॅलडमध्ये बहुतेक वेळा मांसाचं सूप असतं. दिसायला दोन्ही शाकाहारी, म्हणून आपली माणसं फसतात. मी स्वतः सासूबाईंना पहिल्या वर्षी न विचारता सॅलड दिलं होतं, ते मला आजही लागून राहिलंय.

ऑगस्टमध्ये गेलात तर गांधीलमाश्या येतात, गोड पेयावर बसतात. पेल्यावर जाड पुठ्ठ्याची चकती झाकायची, बिअरडेकल म्हणतात तिला, आणि मुलांनी प्यायच्या आधी आत बघायचं. मे महिन्यात हा त्रास नाही. उरलेल्या चकत्यांची घरं बांधण्यात तुमच्या मुलीचा अर्धा तास जाईल.

साताऱ्याची_लेक (रविवार, सकाळी ११:१५)

जाऊन आलो. काल रात्रीच लिहायचं होतं, पण मुलांबरोबर मलाही झोप लागली.

आत शिरताना हात गार पडले होते. पहिल्यांदा नजरेस पडलं ते एका झाडाखाली बाळाला दूध पाजत बसलेली बाई आणि तिच्या शेजारी पत्ते खेळणारे चार म्हातारे. वास आला, हो. काकू म्हणाल्या तसं पोटात ढवळलं. मी मुलीला घेऊन हरणांकडे गेले आणि तिथे बराच वेळ उभी राहिले. तिने अकरा हरणं मोजली, मग पुन्हा पहिल्यापासून मोजली. परत आले तेव्हा नवऱ्याने सगळ्यांना पुऱ्या वाटून टाकल्या होत्या आणि त्याच्यापुढे आप्फेलशोर्ले होतं. त्याच्या साहेबांपुढेही तेच होतं, त्यांना गाडी चालवायची होती म्हणे. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

मुलीने विचारलंच. समोरच्या काकांच्या मगाकडे बोट दाखवून, ‘हे काय आहे?’ मी सांगितलं, बिअर आहे, मोठ्यांची असते. ती म्हणाली, ‘तू का नाही पीत?’ मी म्हटलं, माझे एक काका होते, ते फार प्यायचे आणि मग त्यांना राग यायचा, मला भीती वाटायची. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, ‘या काकांना राग येतो का?’ मी म्हटलं, नाही दिसत. मग ती जाऊन त्यांच्याबरोबर चकत्यांचं घर बांधायला लागली. मी इतक्या वर्षांत हे कुणाला बोलले नव्हते. चार वर्षांच्या मुलीला बोलले.

सात वाजता उठलो. पावणेसातला एका टेबलावर मोठ्याने गाणी सुरू झाली, तेव्हा कळलं तुम्ही सात का म्हणालात ते.

आता एक वेगळाच प्रश्न. नवऱ्याच्या सहकाऱ्याच्या बायकोला थालीपीठ फार आवडलं, पुढच्या वेळी शिकव म्हणाली. मी साताऱ्याहून आणलेली भाजणी संपत आली आहे. म्युनिकमध्ये भाजणी कुणी दळून देतं का, की तुम्ही सगळं भाजून मिक्सरवरच करता? त्यात बाजरी इथे कोणत्या नावाने मागायची?